सतरा मिलिमीटर

जिना चढताना भावाला धाप लागते म्हणून ताईने त्याला आज स्वतःच्याच टेबलावर झोपवलं होतं. हृदयाची सोनोग्राफी करणं हे तिचं नऊ वर्षांचं काम. त्याला डाव्या कुशीवर वळवून तिने छातीवर प्रोब टेकवला.

"दंड अठरा इंच झालाय, ताई. हृदय किती भरलं ते सांग."

हृदयाची भिंत तिने तीनदा मोजली. तिन्ही वेळा सतरा मिलिमीटर; अकराच्या आत हवी होती. मग तिने डॉक्टरांना हाक मारली.

"नुसती वजनं उचलूनही भिंत थोडी जाड होते," पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले, "पण ते हृदय जोरात आकुंचन पावतं. हे जेमतेम हलतंय. हार्मोनची इंजेक्शनं कधीपासून घेतोयस?"

"दोन वर्षं. आता बंद करतो ना."

"बंद तर करावीच लागतील. पण गेलेली ताकद परत येईलच असं नाही. टोचायचं कोण?"

भावाने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच. माझं मी."

ताई त्याच्या छातीवरची जेल पुसत राहिली. सुई दिसली की तो लहानपणापासून डोळे गच्च मिटून तिचा हात धरायचा. बाहेरच्या घाणेरड्या सुया नकोत म्हणून गेली दोन वर्षं दर रविवारी ती खोलीला आतून कडी लावायची, आणि "अरे, उजवा सोड, डावा धर," असं तिला प्रत्येक वेळी सांगावं लागायचं.