दुसरा शनिवार

चारही मोटारसायकलींचे सायलेन्सर थंड होते. सृष्टीनं एकेकाला हात लावून पाहिला. रविवारचे दहा वाजले होते. या वेळेला नंदीश आणि त्याचे तिघं मित्र मुरमाच्या टेकड्यांवरून उड्या मारत असायला हवे होते. दर महिन्याला तो तसंच सांगायचा.

तिच्या कडेवर नऊ महिन्यांचं बाळ होतं आणि हातात प्रथमोपचाराचा डबा. डबा तिनंच भरला होता. क्रेप बँडेज, कापूस, आयोडीन, मोडलेलं हाड बांधायला लाकडी फूटपट्टी. तो नंदीश घरीच विसरला, हे सकाळी चपलांच्या मांडणीवर दिसलं. सातच्या एसटीनं ती सोलापुरातून निघाली, मंगळवेढ्याला उतरली आणि रिक्षा करून नंदीशचा मित्र सयाजी याच्या चुलत्याच्या शेतावर आली. 'बेस कॅम्प'चा पत्ता फ्रिजवर चिकटवलेला होता. अपघात झाला तर असावा म्हणून तिनंच लिहून घेतला होता.

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा हे सुरू झालं. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी, म्हणून दुसरा शनिवार ट्रेलचा. डोंगर, ओढे, तंबू. तिथं रेंज नसते. ती रात्र सृष्टी फोन छातीवर ठेवून काढायची. दोनदा बाळ तिला उठवायचं, उरलेल्या वेळात काळजी. गेल्या खेपेला तो गुडघा सोलवटून आला. बँडेज बांधता बांधता ती म्हणाली होती, "तुझी मान मोडली तर मी एकटीनं या पोराला कसं वाढवायचं, तेवढं सांगून जात जा."

"ट्रेलवर एवढं चालतंच," तो म्हणाला होता.

गाडीवरचा चिखल तेव्हाच तिला खटकला होता. टेकड्या मुरमाच्या आणि चिखल काळा. शिवाय चाकानं उडालेला चिखल खालून वर जातो. हा वरून खाली ओघळला होता. बीएस्सी अ‍ॅग्रीला मृदाशास्त्रात तिला शहात्तर मार्क होते. पण गुडघ्यातून रक्त येत असताना मातीचं कोण काढतं?

शेडमधून शेत राखणारी म्हातारी बाहेर आली. नागव्वा तिचं नाव.

"कोन पायजे, बाई?"

"मी नंदीशची बायको. ट्रेलवर गेलेत ना सगळे?"

"कशावर?"

"गाड्या घेऊन. डोंगरात."

नागव्वानं तिच्याकडं पाहिलं, मग गाड्यांकडं पाहिलं. "न्हाय बा. निजल्यात की."

"आत्ता?"

"काल दुपारी आलं. जेवलं, निजलं. सांजंला उटवलं, भाकरी खाल्ली, परत निजलं. लई गुणाची पोरं हायत. दारू न्हाय, पत्तं न्हाय. नुसती झोप."

"आणि गाडीवरचा चिखल?"

"जाताना हौदाजवळची माती कालवून मीच मारून देती. तुमच्या मालकास्नी नीट जमत न्हाय."

सृष्टीनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "गुडघा?"

"बाजंवरनं पडलं की. झोपंत."

शेडमागं लिंबाखाली पाच बाजा होत्या. चार बाजांवर चौघं. तंबू कधी पिशवीतून निघालाच नव्हता, त्याची सयाजीनं उशी केली होती. गेले पाच दुसरे शनिवार हा माणूस तिच्या जागरणावर झोपला होता. ती नंदीशच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिच्या तोंडात तयार होतं.

नंदीशचा उजवा हात हलत होता. शेजारी ठेवलेल्या हेल्मेटला तो झोपेतच थोपटत होता. पलीकडे जुळ्यांचा बाप तन्वीर दोन्ही हातांनी बाज थोपटत होता.

"उटवू का?" नागव्वानं विचारलं.

"नको, अव्वा."

नागव्वानं बाळ मागितलं. सृष्टी पाचव्या बाजेवर जरा टेकली. जाग आली तेव्हा साडेबारा वाजले होते. नागव्वाच्या मांडीवर बसून बाळ भाकरीचा पापुद्रा चोखत होतं. चौघं अजून झोपलेलेच होते. सृष्टीनं डबा उचलला आणि दीडची एसटी पकडली.

संध्याकाळी नंदीश चिखलानं माखून आला. "काय सांगू तुला! आज उतारावरून घसरलोच होतो."

"लागलं नाही ना?"

"थोडक्यात वाचलो. डबाही विसरलो होतो बघ."

"पाणी तापवलंय," सृष्टी म्हणाली. डबा तिनं चपलांच्या मांडणीवर होता तिथंच परत ठेवला होता.

चौथ्या शनिवारीही बँकेला सुट्टी असते. नंदीश उठून बाहेर आला तेव्हा ती दारात चपला घालत होती. पाठीला सॅक, हातात त्याचं हेल्मेट. खाली रिक्षात तन्वीरची बायको सबा बसली होती. जुळी तिनं तन्वीरकडं ठेवली होती.

"बाळाचा भात कुकरमध्ये आहे. रात्री दोनदा उठेल. मी आणि सबा ट्रेलला चाललोय, उद्या संध्याकाळी येऊ. फोन करू नकोस, तिथं रेंज नसते."

त्यानं बाळाला घेतलं. "ट्रेलला? अगं, तुला गाडी कुठं चालवता येते?"

"एसटीनं जातोय," पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली. "चिखल नागव्वा मारून देते म्हणाली."