पेटीची साक्ष

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत होती आणि यशदीप एंटर बडवत होता. समोरची नेटवर्कची पेटी हूं नाही की चूं नाही. निळ्या केबलचं एक टोक पेटीत, दुसरं लॅपटॉपच्या यूएसबीत. आधी लॅपटॉप केबलच ओळखेना, म्हणून त्यानं ड्रायव्हर टाकला. मग पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा आला, म्हणून जोडणीचा वेग बदलला. केबल सैल वाटली, तशी काढून लॅपटॉपच्याच बाजूच्या खाचेत घातली. तेव्हापासून पडदा ढिम्म.

सिलतऱ्याच्या कारखान्यातली ही जळकी शेड उद्या पाडायची होती. शेडचं सगळं नेटवर्क भिंतीवरच्या या पेटीतून जायचं. धोक्याच्या भोंग्याचं लाल बटणही तिलाच जोडलेलं. कुणी बटण दाबलं की पेटी त्याची नोंद ठेवायची. भट्टीचा गॅस पसरून आग लागली त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही, आणि आत अडकलेला कामगार हिरालाल गेला. बटणापाशी ड्यूटी होती मारोतींची. मारोती म्हणजे यशदीपचे वडील. ऑपरेटरनं बटण दाबलं नाही, असं म्हणून चौकशीवाले मोकळे झाले.

यशदीपला हे पटणं शक्यच नव्हतं. वडिलांनी बटण दाबलं असणार आणि भोंग्याकडे जाणारी तार त्याआधीच जळाली असणार. पण मारोती स्वतः त्या दिवसापासून चकार शब्द बोलत नव्हते. गुढियारीतल्या घराच्या ओट्यावर बसून समोरच्या हिरालालच्या दाराकडे बघत राहायचे. हिरालालची बायको मीराबाई बाहेर आली की यांना पाहून तोंड फिरवायची. ताट समोर आलं की हे सरकवायचे. खोट्या आळानं माणूस आतून खचतो गं, असं यशदीप आईला समजवायचा. वडिलांची नोकरी गेली त्याचं त्याला एवढं नव्हतं. माणूस जात होता, तो त्याला राखायचा होता.

पेटीतली नोंद वीज असेपर्यंतच टिकते. म्हणून त्यानं सेफ्टी ऑफिसर दिवाकररावांच्या हातापाया पडून आजवर शेडची लाइट कापू दिली नव्हती. बाहेर जाणाऱ्या तारा जळाल्या होत्या, तेव्हा नोंद वाचायची तर पेटीला केबल लावूनच. त्याची परवानगी आज कुठे मिळाली. दिवाकरराव तोंडावर रुमाल धरून दाराशी उभे होते. मोठे साहेब जेवून राउंडला निघतील, त्याआधी आटप, असं त्यांनी दोनदा सांगून झालं होतं.

यशदीप एरवी शहरभर बँका आणि दुकानांमधल्या असल्याच पेट्या दुरुस्त करत फिरायचा. या धंद्यात पहिलं औषध एकच. बंद करा, चालू करा. गिऱ्हाइकांना फोनवर तो दिवसभर हेच सांगायचा, झोपेतसुद्धा सांगत असेल. त्यानं अजून एकदा एंटर दाबलं. मग हात डोक्याला न विचारताच पुढे गेला. पेटीच्या विजेची पिन उपटली, क्षणभर थांबला आणि परत लावली.

पिन परत बसली तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते.

मग त्याला दिसलं, की खाच बदलल्यावर लॅपटॉपनं केबलला नवा नंबर दिला होता आणि आपण जुन्याच नंबरावर कान लावून बसलो होतो. पेटी केव्हाची उत्तर देत होती. त्यानं नवा नंबर निवडला. स्वच्छ अक्षरं भराभर पडद्यावर उतरली. त्यानं नोंदी मागितल्या. पेटी आत्ता चालू झाली, एवढीच नोंद होती. त्याआधीचं काही नव्हतं.

काजळीनं भरलेल्या फरशीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. दिवाकररावांनी काय झालं ते विचारलं, ऐकलं, पण ते रागावले नाहीत. त्याची केबल त्यांनीच गुंडाळून दिली. आता चौकशीवाल्यांना दाखवायला काही उरलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

स्कूटरवर येताना यशदीपनं मनाशी ठरवलं. जगाला पटो न पटो, वडिलांना तरी या ओझ्याखालून सोडवायचं. पेटी गेली म्हणून काय झालं, आपलं तोंड आहे की.

मारोती ओट्यावरच होते. तो त्यांच्याजवळ बसला. समोर मीराबाईचं दार लोटलेलं होतं.

“बाबा, पाह्यलं मी,” तो म्हणाला. “तुम्ही बटन दाबल्याची नोंद आहे पेटीत. पुढची तारच जळली होती. तुमची काहीच चूक नोहती.”

मारोतींनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांनी मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. आता हे मोकळे होतील, पोटभर रडतील, असं यशदीपला वाटलं.

“सोताच्या डोळ्यानं पाह्यलं तू?” त्यांनी विचारलं.

“हव, बाबा.”

“मंग ते पेटी खोटं बोलते, बाबू,” मारोती म्हणाले. “मी बटनाकडं पाह्यलंबी नाही. पळालो.”