टीमसाठी

“बाहेर जा ताई, आणि चूक तुमच्या हातून झाली म्हणून सांगा. लोक चार शब्द बोलतील, ऐकून घ्या,” लॅबचे मालक म्हणाले.

रक्ताच्या नळ्यांवर भलतीच लेबलं लावली होती त्यांच्या जावयाने. तो आतल्या खोलीत निवांत चहा पीत होता. बाहेर एक म्हातारा दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचून हाय खाऊन बसला होता, आणि त्याची मुलं दार बडवत होती.

माझं डोकं सणकलं. “मी का म्हणून?”

“इंग्रजीत म्हणतात ना, टेक वन फॉर द टीम! खेळात एकजण चेंडू अंगावर घेतो, म्हणून सगळे जिंकतात. ही आपली टीम आहे, ताई.” त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे वर्धापनदिनाचे फोटो ओळीने लावले होते. मालक, मालकीणबाई, जावई, रिसेप्शनची मुलगी, अगदी ड्रायव्हरसुद्धा, सगळे दात काढून हसत होते.

“यात मी कुठे आहे, तेवढं दाखवा.”

ते चष्मा लावून एकेक फोटो निरखू लागले.

शोधा म्हणावं. दरवर्षी “ताई, आमचा एक काढा” म्हणत मोबाइल माझ्याच हातात कोंबतात.