स्वप्नांचे अभ्रे

"आज काय पाहिलंस?" सुईत दोरा ओवता ओवता धाकटीने विचारलं.

खिडकीपाशी बसलेल्या ताईने डोळे मिटले. उताराचा रस्ता होता, ती म्हणाली, आणि खाली तळं. रस्त्यावरून खुर्ची येत होती, पण चाकांचा आवाज नव्हता. तळ्यातलं पाणी चढ चढून खुर्चीला भेटायला येत होतं.

"पाणी निळं की हिरवं?"

"दुधी. तो दोरा तुझ्याकडे नाही, म्हणजे निळंच कर."

धाकटीने निळा दोरा घेतला. गेलं वर्षभर दोघी बहिणींचा हाच धंदा होता. ताईने स्वप्नं पाहायची, धाकटीने ती उशीच्या अभ्र्यांवर भरायची आणि शनिवारच्या बाजारात विकायची. आलेले पैसे ताईच्या चाकांच्या खुर्चीसाठी ठेवलेल्या डब्यात. नुसती स्वप्नं विकणारे जगात पुष्कळ असतात; या दोघी निदान सोबत अभ्रा तरी देत होत्या.

ताई दिसायला आईवर गेली होती आणि दुखणंही तिने आईचंच उचललं होतं. अंगातली ताकद हळूहळू निघून जायची, आणि गेलेली परत यायची नाही. आधी पाय गेले, आता हातांची पाळी होती. धाकटी मात्र वडिलांवर गेली होती, उंच, काटकुळी, डावखुरी. ही सुटली, असं सगळे म्हणायचे. सुटल्याची लाज वाटावी तशी ती बिचारी राबायची.

बॅटरीवरच्या खुर्चीला एक छोटी दांडी असते. बोटांनी ती ढकलली की खुर्ची चालते. पण बोटंच राहिली नाहीत तर खुर्ची काय कामाची? करायचं ते लवकर करा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ताईने एकदा तरी स्वतःच्या हाताने खुर्ची चालवत घरापुढचा उतार उतरून खालच्या तळ्यापर्यंत जावं, एवढंच धाकटीला हवं होतं. त्यापायी तिची झोप उडाली होती.

घाईत टाके हलायला लागले. सरळ रेघ भरायला घ्यावी तर तिची लाट व्हायची. धाकटीने दिव्याला दोष दिला, सुईला दिला, शेवटी नवा चष्मा केला. गिऱ्हाइकांना नेमक्या त्या लाटाच आवडल्या. हा अभ्रा उशाला घेतला की झोप डुलत डुलत येते, असं बेकरीवाली भेटेल त्याला सांगत सुटली आणि विक्री दुप्पट झाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणून धाकटी हसली.

ताई हसली नाही. तिने तो अभ्रा मांडीवर ओढून घेतला आणि त्या लाटेवरून बराच वेळ बोट फिरवलं.

"छान झालाय," ती म्हणाली. "खुर्चीवाल्याला बोलाव. आता थांबायला नको."

खुर्चीवाला आला तो धाकटी बाजारात असताना. घरी परतल्यावर तिने पहिलं विचारलं, मापं नीट दिलीस ना? खरं तर विचारायची गरज नव्हती. शिवणाचं दुकान आधी आईचं होतं, मग ताईचं झालं. टेप तिच्या गळ्यात नुसती शोभेला असायची. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप घेऊन झालेलं असे.

"माझ्या नजरेचं माप कधी चुकलंय?" ताई म्हणाली. कधीच चुकलं नव्हतं, तेव्हा धाकटीने विषय सोडला.

मधले दिवस अर्धवट झोपेत असल्यासारखे गेले. ताई दुपारीही स्वप्नं पाहायला लागली. एकदा घर पाण्यावर तरंगत होतं आणि गच्चीत आई कपडे वाळत घालत होती. एकदा खुर्ची तळ्याच्या मधोमध पोचली आणि ताई काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तू काठावर, मग खुर्चीत कोण, असं धाकटीने विचारलं. स्वप्नात कोण कुठे असावं याला काही धरबंध असतो का, असं म्हणून ताईने तिला उडवून लावलं. कमी पडलेले पैसे शेजारच्या काकूंनी घातले, परत दिलेस तर बोलणार नाही असा दम देऊन.

आणि खुर्ची आली. धाकटीने वरचा कागद फाडला आणि तिचा चेहरा उतरला. बैठक अरुंद होती. बसून बसून अंगाने सुटलेली ताई त्यात मावणंच शक्य नव्हतं. पाय ठेवायची पट्टी इतकी खाली की ताईचे पाय लोंबकळले असते. आणि दांडी डाव्या बाजूला! ताईच्या हातांपैकी डावा तर आधीच गेला होता.

धाकटीने खुर्चीवाल्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, ताईंनी सांगितली तशीच केली आहे, तसूभरही फरक नाही. मग हळूच बाहेर जाऊन उभा राहिला.

धाकटीला रडूच कोसळलं. तिने खुर्चीच्या हाताला धरून स्वतःला सावरलं.

"वर्ष गेलं ग, ताई. आता दुसरी होईपर्यंत तुझी बोटं..."

"माझ्या बोटांचं राहू दे. माप बरोबर आहे. बसून बघ."

"कोण, मी?"

धाकटीने चष्मा काढून डोळे पुसले आणि ताईकडे पाहिलं. ताईच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"तू लहान होतीस," ताई म्हणाली. "आईचे टाके असेच हलायला लागले, तेव्हा बाबांनी तिलाही आधी चष्माच करून दिला होता."