मुदतीचे एकोणीस दिवस

“दादाचा आणि माझा उसनवारीचा व्यवहार आहे,” एवढंच ती म्हणाली, आणि वकिलांनी हात वर केला. समजलं. बावीस वर्षांच्या वकिलीत अशा बहिणी त्यांनी पैशाला पासरी पाहिल्या होत्या.

कागद आहे का, त्यांनी विचारलं. कागद नव्हता, सख्ख्या भावाशी कोण कागद करतं? पण रक्कम बँकेतून गेली होती. चार लाख, धंदा उभा करायला. वकिलांनी तारीख विचारली आणि बोटांवर हिशेब केला. उसन्या पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. त्यातले एकोणीस दिवस उरले होते.

“त्यानंतर?”

“त्यानंतर कोर्ट विचारत नाही. पैसे बुडाले म्हणायचं.”

तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली. वकिलांच्या कॉलरला खळ जास्त झाली आहे, हे तिनं आल्याआल्याच टिपलं होतं.

तोंडी विषय काढला होता का? चार वेळा. दर वेळी दादानं तो हसण्यावारी नेला. मागच्या महिन्यात तर वहिनीच्या माहेरच्या माणसांसमोर म्हणाला, आपल्यात कसलं कर्ज, ते दान समजायचं. सगळे हसले. वहिनीनं मान डोलावली. तो शब्द आठवला की अजून तिच्या मस्तकात तिडीक जायची.

“कोर्टात हाच बचाव घेतील ते,” वकील खुशीत म्हणाले. “धंदा कसा चाललाय?”

“जोरात. कपडे धुवायची दोन मशिनं, इस्त्रीला तीन माणसं.”

“म्हणजे ऐपत आहे.”

“आहे. पैसे तयार आहेत.”

चोर तो चोर वर शिरजोर, असं पुटपुटत वकिलांनी पुढचा रस्ता सांगितला. आधी नोटीस, मग दावा. घेणाऱ्यानं कर्ज मान्य आहे असं सहीनिशी लिहून दिलं, तर मुदत नव्यानं सुरू होते. पण असं लिहून देणारा महाभाग त्यांना अजून भेटायचा होता.

“ते मिळेल,” ती म्हणाली. “आजच.”

वकिलांना तिची कीव आली. एकदा नोटीस गेली की माहेर तुटतं, त्यांनी समजावलं. घरी जाऊन शांतपणे विचार करा.

“दान म्हणाला तेव्हाच तुटलं. चार माणसांत म्हणाला, आता चार माणसांत कळू दे. काढा नोटीस.”

वकिलांनी कोरा कागद ओढला. दादाचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं म्हणत मजकूर लिहायला लागले. ‘पंधरा दिवसांच्या आत संपूर्ण रक्कम परत...’

“तसं नाही,” ती म्हणाली. पिशवीतून नोटांची बंडलं काढून तिनं टेबलावर एकावर एक रचली. “लिहा, दादा, तुझे चार लाख पंधरा दिवसांत घेऊन जा.”