दहा व्होल्ट

कापूस खरेदी केंद्रातून रिटायर झाल्यावर मधुसूदननं रेडिओ दुरुस्ती शिकायला घेतली. गुरू घरचाच होता, यवतमाळच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेला त्याचा जुना दोस्त विनायक. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "भाऊ, जुना कंडेन्सर बदलवताना व्होल्ट जास्त असला त चालते, कमी नको. कमीचा फुगते अन् वर्षाच्या आत बसते."

आज मधुसूदननं मोठ्या हौसेनं घरचाच खरखरणारा रेडिओ उघडला. सात वर्षांपूर्वी कापसाचे भाव पडले तेव्हापासून खरेदीचा हंगाम लांबत गेला होता, आणि दर वर्षी तो चार-चार महिने ढाणकीच्या केंद्रावर अडकून पडायचा. हा रेडिओही नेमका तेव्हाच बंद पडायचा. "विनायकभाऊजी येऊन करून गेले," त्याची बायको सुमेधा फोनवर सांगायची. दोस्त असावा त असा, हे मधुसूदन मग अख्ख्या केंद्राला ऐकवायचा.

आत पंचवीस व्होल्टच्या जागी दहाचा कंडेन्सर होता. टम्म फुगलेला.

मधुसूदन ओरडला, "सुमेधा, विन्यानं दगा देल्ला! सात वर्षं मुद्दाम कमी व्होल्टचा लावून राह्यला होता!"

सुमेधानं शिलाई मशीनचा खण उघडला. कागदात गुंडाळून ठेवलेला, पंचवीस व्होल्टचा कोरा कंडेन्सर तिनं त्याच्या तळहातावर ठेवला.

"त्याले कायले बोलता? त्यानं हा पहिल्याच वर्षी आणला होता. मीच लावू देल्ला नाही."