बाकाची दोन टोकं

सौंसरच्या मैदानावर कबड्डीच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. कथेतल्या गावात फूट पडली आहे हे दिसावं म्हणून दिग्दर्शकानं भिवाजी आणि गुणवंता या गावातल्या दोन म्हाताऱ्यांना एका बाकाच्या दोन टोकांना बसवलं. संघ जिंकला की गुणवंतानं सरकत जाऊन भिवाजीला खेटून बसायचं, एवढंच काम.

गुणवंता खेटला की भिवाजी नेमका कॅमेऱ्यात बघायचा.

"कट! आजोबा, कॅमेऱ्यात नका बघू. परत!"

पाचव्यांदाही तेच झालं. "म्हाताऱ्याला कळतच नाही," दिग्दर्शक वैतागला.

भिवाजीला सगळं कळत होतं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडण झाल्यापासून नऊ वर्षं हा धाकटा भाऊ गुणवंता त्याच्याशी बोलला नव्हता, जवळ बसणं तर दूरच.

परत टोकाला जायला उठताना गुणवंता पुटपुटला, "दादा, आता तू नोको पाहू. या खेपेले मी पाह्यतो."